पाय बरे झालेत म्हणायचं

माझ्या लेकीला खोटं बोलायला मीच शिकवलं, आणि तेही देवाच्या नावानं. ही गोष्ट मी आजवर उपासनेत कधी सांगितली नाही. देवानं माझं काय भलं केलं त्याची साक्ष द्यायला उभी राहिले की दुसरंच काहीतरी सांगायची आणि खाली बसायची. ज्यांना खरं माहीत होतं ती माणसं आता उरली नाहीत. म्हणून लिहून ठेवते आहे.

आम्ही जालन्याला मिशनच्या आवारात राहायचो. हे मिशनच्या शाळेत मास्तर होते. दोन खोल्यांचं कौलारू घर, दारात कडुनिंब, आणि कुंपणाच्या पलीकडं दवाखाना. मी शिवणकाम करायची. गावात मस्तगड भागातल्या दोन-तीन मारवाडी घरांतून पोलकी, परकर, पोरींचे झगे शिवायला मिळायचे. कुठं घरी आणून शिवायचे, कुठं त्यांच्याच मशीनवर जाऊन.

बायबलातलं वचन तोंडानं बोलायची सवय मला माहेरची. माझे वडील खेडोपाडी सुवार्ता सांगत हिंडायचे. घरात कुणी "काय होतंय कुणास ठाऊक" असं म्हटलं, की ते चिडायचे. "ठाऊक कसं न्हाई? देवानं सांगून ठेवलंय की. बोल तोंडानं." आम्हा भावंडांना तापाचं एक वचन पाठ होतं, भीतीचं एक, अंधारातून जायचं एक. विंचू चावला तरी वडील आधी वचन म्हणायला लावायचे आणि मग डाग द्यायला चिमट्यानं निखारा शोधायचे. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. विंचवाच्या वेदनेत ते शब्द तोंडात असले की खरंच आधार वाटायचा.

आणि एकदा तर मी स्वतः पाहिलं होतं. निजामाविरुद्ध पोलिस ॲक्शन झाली तेव्हाची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली होती. हे शाळेच्या कामानं अंबडला गेले होते आणि इकडं फौजा आल्या. रस्ते बंद. कोण कुणाला मारतंय, कोण पळतंय, काही कळेना. आवारातल्या बाया माझ्याकडं बघून डोळ्यांना पदर लावायच्या. मी मात्र ओसरीत बसून एकच वचन म्हणत राहिले, जाण्यायेण्यात सांभाळण्याचं. मोठ्यानं म्हणायची, म्हणजे त्या बायांनाही ऐकू जावं. चौथ्या दिवशी दुपारी हे शेतांतून चालत आले. पायांत काटे, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा. मी त्यांच्या पाया पडले नाही की रडले नाही. मी म्हटलं, "मला माहीतच होतं."

त्या "माहीतच होतं"चा मला फार अभिमान झाला. त्याच दिवसांत कितीतरी बायांचे नवरे परत आले नव्हते. त्यांनीही आपापल्या देवाला हाका मारल्याच असतील. हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही.

त्यानंतर चार वर्षांनी लेक झाली. एकुलती एक. तिला चालणं असं माहीतच नव्हतं. पळायचं, नाहीतर झोपायचं. कोंबड्यांमागं पळायची, घंटा झाली की शाळेकडं पळायची. नाव घातलेलं नसतानाही ही पहिल्या बाकावर जाऊन बसायची आणि हे तिला काखोटीला मारून घरी आणायचे.

आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिला ताप आला. चार वर्षांची होती. तीन दिवस ताप, मान दुखते म्हणून रडायची. चौथ्या दिवशी ताप उतरला. सकाळी मी तिला उठवून उभी केली, तर ती सरळ खाली बसली. मला वाटलं नाटक करून राह्यली. मी पुन्हा उभी केली. पुन्हा बसली. आणि माझ्याकडं बघून हसली, कारण तिलाही तो खेळच वाटला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई परदेशी होत्या, पण मराठी सरळ बोलायच्या. त्यांनी दोन्ही पाय तपासले, गुडघ्यावर ठोकून पाहिलं. मग मला बाजूला न घेता, लेकीच्या समोरच म्हणाल्या, "ताप गेला, ती जगली, याबद्दल देवाचे आभार मानू. पण पायातली शक्ती परत येईल असं मला वाटत नाही. थोडी येईल. पुरती नाही." त्यांनी गरम कपड्यानं शेकायला शिकवलं, पाय कसे हलवायचे ते दाखवलं. मी सगळं केलं. तीन महिने सकाळ-संध्याकाळ केलं. डाव्या पायाचा अंगठा हलायला लागला. बाकी काही नाही.

त्या हिवाळ्यात आवाराबाहेरच्या मैदानात मांडव घालून सभा भरल्या. बाहेरगावचा एक उपदेशक आला होता. तरुण होता, तिशीही नसेल. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं हा माझ्याशीच बोलतोय. तो सांगायचा, देवाचं अभिवचन म्हणजे तुमच्या नावानं लिहून दिलेला कागद आहे; तुम्ही तो तोंडानं वाचून दाखवत नाही म्हणून मिळत नाही. जे हवं ते मिळालंच आहे असं बोला. डोळ्यांना दिसतं त्याची साक्ष देऊ नका, वचनाची साक्ष द्या. दुखत असलं तरी दुखत नाही म्हणा.

मला वाटलं, हे तर माझे वडील म्हणायचे तेच. तेच नव्हतं. वडील वचन म्हणायचे आणि निखाराही शोधायचे. पण हा फरक कळायला मला वर्ष लागलं.

तिसऱ्या दिवशी मी लेकीला कडेवर घेऊन पुढं गेले. उपदेशकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली. मग तिला काखेत धरून उभी केली आणि विचारलं, "बाळ, पाय कसे आहेत?" त्यानं सांगितलं, "म्हण, बरे झालेत." ती माझ्याकडं बघू लागली. मी मान हलवली. तेव्हा ती म्हणाली, "बरे झालेत." त्यानं हात सोडले. ती उभी राहिली. खरंच राहिली, दोन श्वास जातील एवढा वेळ. मांडवात एकच गजर झाला. त्या गजरात ती कोसळली, पण ते कुणी पाहिलं नाही, कारण मी तिला झेललं होतं आणि मी स्वतः रडत ओरडत होते. तिथंच उभी राहून मी साक्ष दिली, माझी लेक बरी झाली म्हणून.

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, तिला त्यानं काखेतून नीट तोलून उभी केल्ती. काठीसुद्धा तेवढा वेळ उभी राहते."

मी म्हटलं, "तुमच्या अशा बोलण्यानंच अडतंय."

ते वह्या तपासायला बसले. भांडणारा माणूस नव्हता तो. कधीकधी वाटतं, भांडला असता तर बरं झालं असतं.

साक्ष देऊन बसल्यावर मला मागं फिरता येईना. मी शाळेच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर वचनं लिहिली आणि गव्हाच्या खळीनं भिंतींवर चिकटवली. लेकीच्या बिछान्यापाशी खाली, तिला दिसतील अशी. तिला वाचता येत नव्हतं, पण सगळी पाठ झाली. सकाळी तोंड धुतलं की पहिलं काम तेच. मी वचन म्हणायची आणि तिनं शेवटी म्हणायचं, "माझे पाय बरे झालेत." दहादा. कुणी विचारलं, पाय कसे आहेत पोरी, तरी तेच सांगायचं. "चालता येत न्हाई" हे शब्द आमच्या घरात बंद केले मी.

ती जमिनीवर बसून हातांनी अंग ओढत पुढं जायची. ओढत ओढत कोंबड्यांपाशी जायची आणि वाटेत म्हणायची, बरे झालेत, बरे झालेत. शेजारणी ऐकायच्या आणि आत निघून जायच्या.

उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. लेकीच्या डाव्या गुडघ्याला आणि घोट्याला घासून घासून जखमा झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दुखतं का गं?"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई. माझे पाय बरे झालेत."

डॉक्टरीणबाई बराच वेळ जखम पुसत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बाई, हिला लोखंडी पट्ट्यांचे बूट करून देता येतील. मी चित्र काढून देते. लोहार पट्ट्या घडवील, चांभार बूट शिवील. कुबड्या घेऊन ही चालेल. शाळेत जाईल."

मी म्हटलं, "देवानं बरं केलंय तिला. आता पट्ट्या बांधल्या तर त्याला खोटं पाडल्यासारखं व्हईल."

"बाई, देवाला खोटं कोण पाडतंय?" एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मलम दिलं आणि आम्हाला जाऊ दिलं. दवाखान्याच्या दारात लेक माझ्या कानात म्हणाली, "आई, त्या बुटांनी शाळेत जाता येतं?" मी म्हटलं, "बुटांशिवाय जाशील तू." ती म्हणाली, "कव्हा?"

तो एक पावसाळा आणि एक हिवाळा मी असाच घालवला. दहा महिने. तिच्या उण्यापुऱ्या सहा वर्षांतले दहा महिने. त्या दिवसांत वाटायचं, देव परीक्षा घेतोय, आज ना उद्या ती उठेल. रोज सकाळी तिच्या पायांवरची गोधडी काढताना मी आधी तिची बोटं हलतात का ते बघायची.

मस्तगडात एका शेठाणीबाईंकडं मी शिवायला जायची. त्यांचे पूर्वज मारवाडातून आलेले, पण त्यांचा जन्म जालन्यातलाच. पन्नाशीच्या होत्या, जैन, उपासतापास कडक. लेकीला मी सोबत न्यायची. त्या तिला पायरीवर बसवायच्या आणि तिच्यापुढं वाटीत खारकेचे तुकडे ठेवायच्या. एका दिवशी लेक पायरीवरून अंगणात उतरायला गेली आणि घसरून पडली. हनुवटी फुटली. शेठाणीबाई धावल्या, रक्त पुसलं, म्हणाल्या, "बेटी, बहोत लागलं का?"

हनुवटीतून रक्त येत होतं आणि ती म्हणाली, "न्हाई लागलं. माझे पाय बरे झालेत."

शेठाणीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "ही काय म्हणून राह्यली?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. अभिवचन, विश्वास, तोंडानं कबूल करणं. डॉक्टरीणबाईंच्या पट्ट्यांचंही सांगितलं, मी कशी नाही म्हणाले ते. मला वाटलं होतं, बाई धर्माची आहे, हिला पटेल.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, एक विचारू? रागावू नका. तुमचा भगवान लोखंडाला भेतो का?"

"न्हाई."

"मंग पट्ट्या बांधल्यावर त्याला तिचे पाय बरे करता येणार न्हाईत का? बांधा की. त्याच्या मनात आलं तर पट्ट्यांसकट पळवील तिला. तोवर लेकरू कामून जमिनीवर घासायचं?"

मला राग आला. काम अर्धवट टाकून लेकीला उचललं आणि निघाले. मूर्तिपूजकांच्या तोंडून सैतान बोलतो, असं स्वतःला सांगत कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत आले. पूल अर्धा ओलांडला, तेव्हा कडेवरची लेक म्हणाली, "आई, एक सांगू? मारशील?"

"न्हाई मारणार. सांग."

"मीच खराब केलं."

"काय खराब केलं?"

"रोज मी तोंडानं बराबर म्हणते. पण एकदा मनातल्या मनात म्हणलं, मला चालता येत न्हाई. एकदाच म्हणलं. देवानं ऐकलं असंल. म्हणून झालं न्हाई." मग तिनं माझ्या खांद्यात तोंड लपवलं. "मी तसं म्हणायला नको व्हतं. तुला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई."

मी पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिले. माणसं जात होती, बैलगाड्या जात होत्या. साडेपाच वर्षांचं लेकरू. कितीतरी महिने ते मनात धरून बसलं होतं, की आपण एकदा खरं बोललो म्हणून देव रुसला. आणि ते कुणी त्याच्या डोक्यात घातलं होतं? मी तिला म्हटलं, "तू काहीच खराब केलं न्हाई. बिलकुल न्हाई. तुला चालता येत न्हाई, हे खरंय. खरं बोललेलं देवाला चालतं." तिनं डोकं वर केलं. "चालतं?" मी म्हटलं, "चालतं." तेव्हा ती म्हणाली, "मंग गुडघा लई दुखतो." आणि रडायला लागली. वर्षभराचं रडली. मी तिला घेऊन पुलावरच खाली बसले.

घरी गेले नाही, तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी फक्त टेप घेतला आणि मापं घ्यायला सुरुवात केली. मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, पण त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "इथं घट्ट धरा."

पट्ट्या जुन्या जालन्यातल्या एका मुसलमान लोहारानं घडवल्या. आयुष्यभर बैलगाड्यांच्या चाकांच्या धावा आणि विळे बनवलेला म्हातारा. त्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि दोनदा आवारात येऊन लेकीचे पाय स्वतः पाहून गेला. लोखंड कातडीला लागू नये म्हणून आतून लोकरीचा जाड नमदा लावायचं त्यालाच सुचलं. बूट चांभारानं शिवले. हे रोज संध्याकाळी जाऊन विचारून यायचे. भिंतींवरचे कागद त्यांनीच काढले, मी घरात नसताना. खळीचे डाग राहिले.

जूनमध्ये ती शाळेत गेली. दोन्ही काखांत लहान कुबड्या, पायांत ते जड बूट. घर ते शाळा दोनशे पावलं असतील; तिला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. मी मागं चालत होते. उचलायला गेले तर ओरडली, "हात लावू नको!" तिच्या तोंडात आता दुसरंच वचन होतं. रविवारच्या शाळेत शिकलेलं, तिनं स्वतः निवडलेलं. त्यात बरं होण्याचं काही नव्हतं. देव म्हणतो, मी तुझ्यासोबत आहे, तुला टाकून जाणार नाही, एवढंच होतं. तिनं त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता. सुट्टी झाली की पोरं पळत पुढं जायची आणि ही मागं राहायची. एकदा मी विचारलं, वाईट वाटतं का गं? ती म्हणाली, "न्हाई. सगळे पुढं पळतेत. देव माझ्यासंगं मागं राहतो. त्याला बी जल्दी न्हाई."

मी आयुष्यभर वचनं पाठ केली, पण असा विश्वास मला कधी जमला नाही. माझं वचन नेहमी काहीतरी मागायला निघालेलं असायचं.

सहा महिने ती शाळेत गेली. पाढे शिकली दहापर्यंत. नाताळच्या कार्यक्रमात तिला मेंढपाळ केलं होतं, कारण मेंढपाळाला काठी असतेच. ते तिला फार आवडलं. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी आवारात गोवर आला.

सगळ्या पोरांना आला, सगळी उठली. हिचा पुरळ बसला, पण ताप गेला नाही. छाती भरली. डॉक्टरीणबाईंनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, तीन दिवस तिच्या खाटेपासून फारशा हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी ह्यांना बाहेर बोलावलं. हे परत आत आले, तेव्हा त्यांच्या तोंडाकडं पाहून मला कळलं.

लेक जागी होती. श्वास घेताना नाकपुड्या हलायच्या. म्हणाली, "आई, बोल ना."

"काय बोलू बाळा?"

"वचन."

माझं तोंड उघडेना. खरंच उघडेना. ज्या तोंडानं मी रस्त्यातल्या अनोळखी माणसांना वचनं ऐकवली, त्यातून एक शब्द निघेना. बोलले आणि ती गेली तर? आणि न बोलता गेली तर? मला वाटत होतं, आता मी जे म्हणेन ते पुन्हा खोटं ठरेल. हे खाली बसले आणि तिचा हात धरला.

तिनं आम्हा दोघांकडं पाहिलं. मग म्हणाली, "राहू दे. मीच बोलते." आणि तिनं तिचं ते वचन म्हटलं. मध्येच श्वासासाठी थांबली. शेवटचे दोन शब्द राहिले. मी वाट पाहिली, आता म्हणेल, आता म्हणेल. ते तिनं म्हटलेच नाहीत.

दुपारचे साडेतीन झाले होते.

अंघोळ घालताना मी तिच्या पायांवरून हात फिरवला. आजारपणात बूट काढून ठेवलेले होते, तरी गुडघ्याच्या वर पट्ट्याचा वळ होता. आवारातल्या एका म्हाताऱ्या बाई सांत्वनासाठी म्हणाल्या, "आता वर पळत असंल बघ. तुझं वचन खरं झालं." त्यांचं मन चांगलं होतं. पण मी त्यांना हात जोडले आणि म्हटलं, "ते बोलू नका. माझ्यासमोर ते बोलू नका." माझं वचन खरं झालेलं मला तसं नको होतं.

दफनाला शेठाणीबाई आल्या होत्या. मिशनच्या आवारात त्या पूर्वी कधी पाऊल टाकत नसत. डोक्यावरून पदर घेऊन कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या, बायांपासून दूर. पाळकसाहेबांची प्रार्थना संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "माझे तीन गेले, बाई." इतकी वर्षं मी त्यांच्या घरी मशीन चालवत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी वचन तोंडानं म्हटलं नाही. उपासनेला जायची, बसायची. गाताना ओठ मिटलेले. हे घरी वाचायचे, मी ऐकायची किंवा ऐकत नसायची. देव नाही असं मला एक दिवसही वाटलं नाही. वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. तो होता, आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते. लेक गेली म्हणून रागावले होते, असं सगळे समजायचे. तसं नव्हतं. मरण कुणाला चुकलंय! माझ्या मनातून जात नव्हते ते दहा महिने. शाळेतले सहा महिने मिळाले, त्याच्या आधी दहा मिळाले असते. मी ते तिच्याकडून काढून घेतले होते, आणि त्या दिवसांत तिला दुखतंय असंही म्हणू दिलं नव्हतं.

त्या उपदेशकाची मी वाट पाहिली. मनात सगळं तयार होतं, काय बोलायचं ते. तो पुन्हा जालन्याला आला नाही. आज वाटतं, आला असता तरी मी कितपत बोलले असते? त्यानं एक दिवस हात ठेवला. पुढचं वर्षभर तर मीच होते.

डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात शिवायला बोलावलं, चादरी, गाद्यांचे अभ्रे. काम होतं की निमित्त होतं, देव जाणे. महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात पिंपळगाव रेणुकाईकडची एक बाई लेकीला घेऊन आली. तीन वर्षांची पोर, तसेच पाय. डॉक्टरीणबाई आत तपासत होत्या आणि ती बाई बाहेर माझ्या मशीनजवळ येऊन बसली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की ही बाई वचनं सांगते.

ती म्हणाली, "मावशी, सांगा ना तुमच्या देवाचं काही. चालंल का हो माझी पोर?"

मशीनचं चाक हातानं थांबवलं मी. म्हटलं, "मला माहीत न्हाई."

तिला ते आवडलं नाही. "माहीत न्हाई? मंग कशाचा तुमचा देव?"

मी म्हटलं, "चालंल का ते मला खरंच माहीत न्हाई, बाई. तो तिला टाकून जाणार न्हाई, एवढंच मला माहीत आहे." दीड वर्षानं मी ते पहिल्यांदा तोंडानं म्हटलं होतं. लेकीचे राहिलेले शेवटचे दोन शब्दही म्हटले.

ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं तोंड फिरवलं आणि पदरात रडायला लागली. तिला धीर यायला हवा होता, तो काही आला नाही. मी शिवण बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले. आतून टेपनं माप घेत डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, कुणीतरी येऊन पोरीचा पाय धरा म्हणून. ती बाई रडतच होती. तेव्हा मीच उठले आणि आत गेले.